शालनबाई बसायला आल्यात

आज अठरा सप्टेंबर. उद्या आमच्या पतसंस्थेची वार्षिक सभा, सभेनंतर जेवण, आणि जेवणात येसर आमटी आहे म्हणून मी सकाळपासून चुलीपुढं बसलेय. तुम्ही तिकडं सावलीत सरका ताई, धूर लागेल. मी भाजता भाजता बोलते, हात थांबवून बोलायची मला सवय नाही. येसराच्या पिठाला ज्वारी वेगळी भाजायची, हरभऱ्याची डाळ वेगळी, गहू वेगळे, धने अगदी शेवटी. सगळं एकदम कढईत टाकलं की काही जळतं, काही कच्चं राहतं, मग आमटी नुसती चिकट होते. संस्थेच्या प्रत्येक सभेला येसर माझंच असतं. लोक दोनदा वाढून घेतात आणि जाताना मंगलला सांगतात, मंगलताई, जेवण झकास झालं.

तुम्ही पण आधी तिच्याकडंच गेला होतात, मला माहीत आहे. संस्थेचा इतिहास लिहायचाय म्हटल्यावर माणूस अध्यक्षांकडंच जाणार, तुमचा दोष नाही. तिनं सांगितलं म्हणे, शालनकडं पण जाऊन या, ती पण सुरुवातीपासून आहे. ती पण! म्हणजे माझी गोष्ट सांगायला पण तिची परवानगी लागली. मी जळते तिच्यावर. येरमाळ्यात कुणालाही विचारा, ही काही झाकून ठेवलेली गोष्ट नाही.

माझं माहेर तेरच्या पलीकडचं खेडं. वडील दुसऱ्याच्या म्हशी राखायचे, आई रोजानं जायची. मी सातवी झाले आणि लग्न करून इथं आले. नवरा हमरस्त्यावर ट्रकचे पंक्चर काढायचा, माणूस चांगला, पण त्याच्या कमाईवर घर चालत नव्हतं म्हणून मी दूध डेअरीत लागले. आता तिथं गोडाऊन आहे, तेव्हा दूध थंड करायचं केंद्र होतं. गावोगावचं दूध टेम्पोनं यायचं, त्याची डिग्री बघायची, फॅट काढायची, टाकीत ओतायचं, आणि रिकाम्या कॅन आमच्यापुढं ढकलायच्या. आम्ही बायका सोड्याच्या गरम पाण्यात हात घालून त्या धुवायचो. थंडीच्या दिवसांत बोटांना भेगा पडायच्या आणि त्यात सोडा शिरायचा. काय सांगू तुम्हाला, रात्री भाकरी मोडताना सुद्धा चटकायचं.

मंगल मला त्या कॅनवरच भेटली. तिचा नवरा डेअरीच्या टँकरवर ड्रायव्हर होता, बार्शीच्या रस्त्याला अपघातात गेला, आणि त्याच्या जागी हिला घेतलं. आली तेव्हा तिला कॅन कशी धरायची ते माहीत नव्हतं. मी शिकवलं, कड अशी मांडीला लावायची, ब्रश आतून गोल फिरवायचा, तोंड उलटं करून निथळत ठेवायचं. थोड्या दिवसांत मॅनेजर साहेबांना कळलं की ही दहावी पास आहे, मग तिला आत टेबलाला बसवलं. तिची नोकरी कायमची, आमची रोजंदारी. माझ्या मनात आलं, हिचं नशीब बघा. बाईचा नवरा मेलेला आणि मला तिचा हेवा वाटला. आता तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा, वाटलं ते वाटलं.

जरा ती परात इकडं द्या. हां.

तर पतसंस्था. ती कुणाच्या डोक्यातून निघाली असं विचारलं तर सभेत सांगतात, मंगलताईंच्या दूरदृष्टीतून. कसली दूरदृष्टी आलीय. ती निघाली कुकरमधून. मला कुकर पाहिजे होता. सकाळी कामावर जायच्या आधी चुलीवर डाळ शिजायची नाही आणि पगार एकरकमी कुकर घेण्याएवढा हातात राहायचा नाही. मी कॅन धुता धुता बायकांना म्हटलं, भिशी लावू, दर पगाराला एकीचा कुकर. कॅनच्या झाकणात चिठ्ठ्या टाकायच्या आणि उचलायच्या. पहिली चिठ्ठी कुणाची निघाली असेल? मंगलची. आणि तिच्या घरी कुकर होता! ती म्हणाली, मला नको, शालनला द्या. सगळ्या बायका म्हणाल्या, किती मोठं मन. म्हणजे कुकर माझ्या घरी आला, भिशी मी लावलेली, आणि मोठं मन तिचं झालं. तो कुकर अजून आहे माझ्याकडं, शिट्टी बदललीय फक्त. त्याच्यात डाळ लावली की मला अजून तिची आठवण होते, आणि चांगली होत नाही.

बायकांचे कुकर झाले, मग गॅसची शेगडी, मग कुणाच्या मुलाचं ॲडमिशन, आणि मग बाप्ये आले. वजनकाट्यावरचा, टेम्पोवाले, टँकरवाला दिगंबर, सगळे म्हणायला लागले, वहिनी, आमचं पण नाव टाका की. एवढी माणसं झाल्यावर झाकणातल्या चिठ्ठ्यांनी भागेना. मॅनेजर साहेब भला माणूस होता, तो म्हणाला, रीतसर पतसंस्था काढा, कर्मचाऱ्यांची, हप्ता मी पगारातून कापून देतो. शेडमध्ये सगळे जमले. साहेब म्हणाले, पुढं होणारा माणूस कायम नोकरीतला पाहिजे, सह्या करणारा पाहिजे. सगळ्यांनी एकदम टेबलाकडं बघितलं. मी ओले हात पदराला पुसत उभी होते. मी सही करते की, सातवी झालेय. पण मला कुणी विचारलं नाही, आणि मी पण बोलले नाही, कारण मला वाटलं मंगल म्हणेल. ती म्हणेल, अगं शालनची भिशी आहे ही, तीच बसू दे. कुकरच्या वेळी बोलली होती ना? पण ह्या वेळी मोठं मन नेमकं घरी ठेवून आली होती. खुर्चीत बसली. दुसऱ्या दिवशी घरून पांढरा टॉवेल आणून खुर्चीच्या पाठीला टाकला.

त्या टॉवेलचं तुम्हाला हसू येईल. पण साहेब लोकांच्या खुर्चीला असतो तसा तो टॉवेल, निळी किनार, दर आठवड्याला धुतलेला, निळीत बुडवलेला. मी संचालक मंडळात होते, बाकावर बसायचे, समोर तो टॉवेल दिसायचा. एकदा ती बाहेर गेली असताना मी हात लावून बघितला. साधाच होता. बाजारात मिळतो तसला.

पुढं डेअरी बंद पडली. पगार थांबले, म्हणजे हप्ते थांबले, आणि ज्यांच्या ठेवी होत्या ते दारात. मंगल दारात उभी राहिली. तिचं बोलणं तुम्ही ऐकलंय, तोंडात खडीसाखर ठेवल्यासारखं. कुणाला दादा, कुणाला मावशी, सगळ्यांना पाणी, बसा, आपली संस्था आहे, कुठं पळून जाणार हाय का. लोक शांत होऊन घरी जायचे. पण नुसत्या बोलण्यानं तिजोरीत काय येणार होतं? ज्यांनी कर्जं उचलली होती त्यांच्याकडं जायला कुणीतरी पाहिजे होतं. मंडळात सगळे माना खाली घालून बसले. मंगल म्हणाली, शालन जाईल, तिला भीड न्हाय. हे कौतुक होतं की काय होतं, ते मला अजून कळलेलं नाही.

पहिल्यांदा गेले दिगंबरकडं. वाटेनं शिव्यांची उजळणी करत गेले. दारात पाय ठेवला तर आत पाहुणे, त्याच्या पोरीला बघायला आलेले. पाहुण्यांपुढं हप्त्याचं कसं बोलणार? पोरीचं लग्न मोडायचं का मी? पण परत फिरायला पण जीव होईना. त्याची बायको शेंगा फोडत होती, तिच्याजवळ बसले आणि सुपातल्या शेंगा घेऊन फोडायला लागले. तिनं चहा पुढं केला, म्हटलं नको, पाणी द्या. मला खरं तर रागानं चहा गेला नसता. पाहुणे गेले, मी फोडतेय. शेंगा संपल्या, तिनं लसूण आणला, मी सोलतेय. एक शब्द बोलले नाही, कारण तोंड उघडलं असतं तर बाहेर काय पडलं असतं ते मलाच माहीत. दिगंबर दोनदा आत आला, दोनदा बाहेर गेला. शेवटी कुठून तरी हप्ता आणून माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाला, शालनबाई, पाया पडतो, शिव्या घाला पण असं बसू नका.

मग मला कळलं. तेव्हापासून तीच रीत. जायचं, बसायचं, त्या घरात जे काम चालू असेल ते हातात घ्यायचं. पैशाचं नाव काढायचं नाही. चहा घ्यायचा नाही, पाणी चालेल. आणि काम करताना घर बघायचं. डब्यात पीठ किती, लेकरांच्या अंगावर काय, खरंच नाही की असून नाही, हे निवडणं-सोलणं करताना जेवढं कळतं तेवढं ऑफिसात बसून कळत नाही. खरंच नसलं की मी सांगायचे, वहिनी, चहा टाका. मी चहा घेतला म्हणजे मुदत मिळाली, असं सगळ्या गावाला ठाऊक झालं. आणि हप्ता आला की पण चहा. माझ्या हातात कप दिसला की शेजारपाजारचे समजायचे, मिटलं.

अशी संस्था उभी राहिली. डेअरी गेली, संस्था राहिली. मग पोटनियम बदलून बाहेरचे सभासद घेतले, खवाभट्टीवाले, किराणावाले, रस्त्यावरचे हॉटेलवाले. स्वतःची जागा झाली. आता वर सभागृह बांधलंय, उद्या त्याचं पण उद्घाटन आहे.

पण माझं काय झालं ते ऐका. पोरं रस्त्यात ओरडायची, शालनबाई बसायला आल्यात! बायका मला लांबून बघून दार लोटायच्या, आणि मी नुसती भाजी आणायला चाललेली असायचे. मंगल कर्ज मंजूर करायची, लोक तिला पेढे द्यायचे. मी ते कर्ज परत मागायचे, मला पाणी. लग्नाची पत्रिका तिला घरी नेऊन देतात, दोघं-दोघं नवराबायको जाऊन, अक्षता देऊन. मला दुकानात गाठ पडली की, अहो बरं झालं भेटलात, पिशवीत आहेच एक. एकदा मागच्या निवडणुकीला मी म्हटलं होतं, आता मला होऊ द्या अध्यक्ष. मग एक जण म्हणाला, मावशी, राग मानू नका, तुम्ही त्या खुर्चीत दिसलात तर लोक ठेव ठेवायला येतील का वसुली आली म्हणून पळतील? सगळे हसले. मंगल पण हसली, मग पदर तोंडाला लावला. मी पण हसले. काय करणार?

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, तुला खुर्ची पाहिजे का मंगलची खुर्ची पाहिजे? मी म्हटलं, दुसरी कुठली असती तर मागितली असती की. जेवा गप.

आता ह्या वेळचं. निवडणूक बिनविरोध झाली, नवीन मंडळ बसलं, मी आहे, मंगल आहे. उद्या सभेच्या आधी अकराला अध्यक्ष निवडायचा आहे, सरकारी साहेब येणार आहेत. मंगल पायउतार होणार हे तिनं आधीच सांगितलं, गुडघे दुखतात, जिना चढवत नाही. मी मनात म्हटलं, आता तरी. पुढच्या पाच वर्षांनी मला कोण विचारतंय? काल संध्याकाळी ती माझ्याकडं आली. भूमचा खवा घेऊन. बसली, घाम पुसला, आणि म्हणाली, शाले, पल्लवीसाठी सूचक म्हणून तुझी सही लागंल.

पल्लवी म्हणजे तिची सून. बी.कॉम. आहे, मंडळात नवीन आलीय, पोरगी वाईट नाही, मला मावशी म्हणते. पण तिनं अजून एका घराचा उंबरा ओलांडलेला नाही. फोनवर कागद मागवते, फोनवर मंजूर म्हणते. घर बघितल्याशिवाय कर्ज द्यायचं म्हणजे कढईत सगळं एकदम टाकायचं. हे मी मंगलला म्हणायला पाहिजे होतं. पण मला एकच दिसत होतं, तो टॉवेल सासूकडून सुनेकडं जाणार. घरातल्या घरात. आणि वर सही माझी.

मी म्हटलं, मला येसर भाजायचंय. ती म्हणाली, मग व्हय ना? मी म्हटलं, धने आणायचे राहिलेत. ती गेली. खवा ठेवून गेली. चांगला होता हो, सायीचा. त्याचा पण राग आला.

झालं भाजून. आता हे गिरणीत नेते. तुम्ही उद्या सभेला या, पंगतीला बसा.

आलात व्हय? बसा. आज सभेला तुम्हाला उशीर झाला ना, म्हणून त्याच्या आधीचं सांगते. सकाळी उठले, येसर आचाऱ्याच्या हवाली केलं, पाणी किती घालायचं ते दोनदा बजावलं. नंतर आंघोळ केली, लेकीच्या लग्नातलं लुगडं नेसले आणि ऑफिसला न जाता मंगलच्या घरी गेले. ती पडवीत घेवड्याच्या शेंगा मोडत होती. म्हणाली, अगं, इकडं कुठं? येसर झालं का? मी मान हलवली. समोर बसले, परातीतली मूठभर शेंग घेतली आणि शिरा काढायला लागले.

पल्लवी आतून आली, म्हणाली, मावशी, चहा टाकते. मी म्हटलं, नको बाळा, पाणी दे नुसतं.

मंगलचे हात थांबले. एवढी वर्षं तिनंच मला दारोदार पाठवलंय, तिला काय सांगायला पाहिजे? आधी हसली. म्हणाली, शाले, माझ्याकडं कसली बाकी गं? माझ्या नावावर एक रुपया कर्ज न्हाय. मी शेंग मोडली. म्हणाली, लोक बघतात. मी दुसरी मोडली. समोरची बाई अंगणात बादली घेऊन आली, मला बघितलं, बादली तिथंच ठेवून आत गेली आणि सासूला घेऊन बाहेर आली. तिची सासू म्हणाली, अगं बया, अध्यक्षांच्या घरी? मंगलचा चेहरा लाल झाला. म्हणाली, माझ्या दारात बसतेस? माझ्या? तुला आत घेतलं मंडळात, तुझ्यामागं उभी राहिले, सगळं गाव तुला नावं ठेवायचं तेव्हा मी म्हणायचे, तिच्यामुळं आपण आहोत. मी पहिल्यांदा वर बघितलं. हे ती कुणाला म्हणायची? मला तर कधी म्हणाली नव्हती. विचारणार होते, पण रीत म्हणजे रीत. खाली बघून शेंग मोडली.

घेवडा संपला. मी पल्लवीला म्हटलं, लसूण आहे का घरात? पोरीला काय हसू आलं, तोंड दाबून आत पळाली आणि अख्खी टोपली घेऊन आली. आणि टोपली ठेवता ठेवता म्हणाली, आई, मी कधी म्हटलं होतं मला अध्यक्ष व्हायचंय? तुम्हीच ठरवलं. मला तर जिना उतरून लोकांच्या घरी जायचं म्हटलं तरी भीती वाटते.

लसूण मी सोलत होते, थोड्या वेळानं मंगल पण सोलायला लागली. कॅन धुताना बसायचो तशा आम्ही समोरासमोर. नखात लसूण शिरला की ती तोंड वाकडं करते, तेव्हा पण करायची. शेवटी माझ्याकडं न बघता म्हणाली, तुझी सूचक मी होते. अनुमोदक पल्लवी.

मी हातातली पाकळी सोलून संपवली, अर्धं काम मला टाकवत नाही. मग म्हटलं, टाक आता चहा.

चहा पल्लवीला करू दिला नाही, मंगल स्वतः उठली, गुडघ्यावर हात ठेवून. आलं ठेचून, दूध जास्त, साखर बेताची. समोरच्या सासूसुना माझ्या हातातला कप बघून घरात गेल्या. चहा तुम्हाला सांगते, फार चांगला झाला होता. माझा तसा होत नाही. एवढी वर्षं मी ह्या घरात चहाच घेतला नव्हता म्हणून मला माहीत नव्हतं, आता त्याचा एक जाच मागं लागला.

मग आम्ही दोघी एकाच रिक्षानं निघालो, तिला चालवत नाही म्हणून. माझ्या घरापुढं मी रिक्षा थांबवली. मंगल म्हणाली, आता काय राहिलं? उशीर होतोय. मी म्हटलं, आलेच. कपाटातला नवा टॉवेल घेतला, पिवळा, लाल किनारीचा, आणि बगलेत मारून येऊन बसले. तिनं बघितलं. म्हणाली, अगं तिथं आहे की टॉवेल, परवाच धुतलाय. मी म्हटलं, तो तू घरी घेऊन जा.